चार तासांचा नियम

५ जुलै १९६०, मंगळवार

कारखान्याच्या मजूर-कॅम्पातल्या दवाखान्यात गरोदर बायकांचा पहिला वर्ग झाला. अकरा जणी आल्या. दुधाच्या पावडरीचा पुडा मिळतो अशी अफवा कॅम्पात उठली होती. पुडा नाही म्हटल्यावर दोघी माझ्या तोंडावर उठून गेल्या, उरल्या नऊ. दवाखान्याच्या साहेबांनी रिपोर्टात पंचवीस लिहा असं सुचवलं आहे. मी नऊच लिहिणार. त्यांना पंचवीस हव्या असतील तर त्यांनी स्वतः गरोदर बायका गोळा करून आणाव्यात.

दिल्लीहून आलेला तक्ता भिंतीवर टांगला. त्यात एक गोरीगोमटी बाई पाळण्याशेजारी खुर्चीत बसून बाळाला पाजते आहे आणि मागे घड्याळ. आमच्या बायका टिनाच्या खोल्यांत राहणाऱ्या, अर्ध्याअधिक जणी पोट घेऊन कारखान्याची माती वाहणाऱ्या. त्या हसून हसून लोळल्या. एक म्हणाली, "इच्या घरी खुर्ची आहे, पाळना आहे, तं हे सोताच कावून पाजून राहिली? नोकर नाई का इच्याकडे?" तक्ता काढणाऱ्याला धरून आणून कॅम्पाच्या नळावर उभं करावंसं वाटलं.

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. बाई, तुमाले लेकरं किती? एक मुलगी आहे, विजया, नागपूरला वसतिगृहात राहून शिकते. तिला किती दिवस पाजलं? दीड महिना, हे खरं ते सांगितलं. पुढे दूध आटलं आणि पोर डब्याच्या दुधावर वाढली. नऊच्या नऊ जणी चुकचुकल्या. मी सोळा वर्षं बाळंतपणं करते आहे, आणि माझी कीव या करणार. मी एकही वेळ चुकवली नव्हती, घड्याळ समोर ठेवून पाजलं होतं, तरी आटलं. काही बायकांच्या नशिबात नसतं, त्याला काय करायचं. हे मात्र वर्गात बोलले नाही.

१२ जुलै

आज हिरा नावाची नवी मुलगी आली. एकोणीस वर्षांची, सातवा महिना. नवरा देवानंद भट्टीवर खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, मंडळी भंडाऱ्याकडची. सोबत सासू ठकूबाई. ती दारात ठाण मांडून बसली आणि माझ्या वाक्यावाक्याला नाक मुरडत राहिली. पहिलं पिवळं दूध बाळालाच पाजायचं, असं मी म्हटल्याबरोबर ती उसळली. ते दूध नसते, घाण असते. तीन दिवस पिळून टाकाचं अन् लेकराले गुळाचं पानी चाटवाचं. आमच्या सात पिढ्या असंच करतात.

मी विचारलं, गाय व्याली की पहिल्या दुधाचं काय करता? खरवस करतो म्हणाली. फेकत नाही? बाईला माझ्या अकलेची शंका आली. खरवस कोणी फेकते का, शेजारीपाजारी वाटतो म्हणाली. मग गायीचा चीक सगळ्या आळीने खायचा आणि बाईचा चीक तिच्या स्वतःच्या लेकराला का नाही, असं विचारल्यावर वर्गात हशा झाला. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

हिरा तेवढी हसली नाही. वर्ग संपला तरी थांबून राहिली. गेल्या वर्षी गावी तिला मुलगा झाला होता. तीन दिवस गुळाचं पाणी, मग हगवण, आणि तीन महिन्यांचा होऊन गेला. हे सगळं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. मग म्हणाली, "या टायमाले मी माह्या मनानं काहीच नाई करत, बाई. तुमी सांगान तसं करीन." ऐकून ठकूबाईचा असा संताप आला की तिच्याकडे न बघता आत निघून गेले.

२६ जुलै

आज वेळांचा वर्ग घेतला. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहानंतर पाजायचं नाही, फार रडलं तर उकळून गार केलेलं पाणी चमच्याने. मधल्या वेळात उचलायचं नाही. रडणाऱ्या पोराला लगेच छातीशी धरलं की त्याचं पोटही बिघडतं आणि वळणही बिघडतं, हे नागपूरला नर्सिंग शिकताना आम्हाला मेट्रनबाईंनी छडीच्या धाकाने शिकवलं होतं. आमच्या बायका तर पोर हूं म्हणालं की पदर पुढे करतात. लहान पोरांच्या हगवणीने इथे दर महिन्याला एकदोन घरं रडतात ती उगाच नव्हे.

आता कॅम्पात घड्याळ कोणाकडे? पण कारखान्याचा भोंगा सगळ्यांना आहे. सहा, दोन आणि दहाला पाळी बदलते तेव्हा तो पार पलीकडच्या जामुल गावापर्यंत ऐकू जातो. उरल्या सकाळच्या दहा आणि संध्याकाळच्या सहा या दोन वेळा. त्यासाठी मी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळवला आणि दवाखान्यापुढच्या कडुनिंबाला टांगला. आमची आया कौशल्या रोज या दोन वेळांना त्यावर टोल देणार. हे माझं मलाच सुचलं. साहेबसुद्धा वा म्हणाले, आणि ते सहसा कशालाच वा म्हणत नाहीत.

ठकूबाईने मात्र सगळ्यांदेखत विचारलं, "लेकराच्या पोटात भोंगा वाजते का, बाई? रडलं का पाजावं. त्याले काय समजते तुमची ड्यूटी?" पुन्हा सगळ्या हसल्या, या वेळी मला. मी ठकूबाईला सांगितलं की एक नातू घालवून समाधान झालं नसेल तर खुशाल बोला, पण माझ्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. ती उठली आणि गेली. जरा जास्त बोलले असेन. पण खोटं काय बोलले?

९ ऑगस्ट

सहा आणि दहा यांच्यामध्ये किती तास, एवढंही बायकांना धड सांगता येईना. एक जण बोटं मोजता मोजता जांभई देऊ लागली. फक्त हिराने पाचही वेळा घडाघडा म्हणून दाखवल्या. कशाला शिकवते मी या बाकीच्यांना?

३ सप्टेंबर

हिरा मोकळी झाली. मुलगी. सहा पौंड दोन औंस, नाकीडोळी नीटस. अर्ध्या तासाच्या आत मी स्वतः बाळ तिच्या छातीशी लावलं. थेंबभर पिवळं दूध आलं आणि पोरीने ते असं चोखलं की हिरा रडायलाच लागली. ठकूबाई गुळाच्या पाण्याची वाटी झाकून बाहेर बसली होती. ती वाटी मी तिच्यासमोर मोरीत ओतली.

आज मी जिंकले. कॅम्पात चीक प्यायलेलं हे पहिलं पोर असेल.

२० सप्टेंबर

पोरीचं वजन सहा पौंड चार औंस. सतरा दिवसांत फक्त दोन औंस वाढावं? मी वेळांबद्दल कसून विचारलं. हिरा एकही वेळ चुकवत नाही, देवानंदनेही तसंच सांगितलं. तो स्वतः भोंग्यावर जगणारा माणूस, त्याला नियम लगेच पटला. मग घरी जाऊन पाहते तर काय, ठकूबाई मागच्या दारी पोरीला मांडीवर घेऊन कापसाची वात बकरीच्या दुधात बुडवून चोखवते आहे. म्हणाली, भुकेनं रडून राहिली होती, मले पाहवलं नाई.

मी ती वाटीही ओतली आणि वात चुलीत टाकली. मग हिराला बाहेर बोलावून ठकूबाईसमोरच सांगितलं, सासूचं ऐकशील किंवा आपल्या मनाने काही करशील तर ही पोरही हातची जाईल. हिरा पांढरीफटक पडली. देवानंदने आईला दम भरला की पुन्हा पोरीला हात लावलास तर गावी पोचवीन. माणसं इतकी अडाणी कशी असू शकतात?

४ ऑक्टोबर

सहा पौंड नऊ औंस. जरा तरी बरं. हिरा म्हणाली की पोर दोन भोंग्यांच्या मध्ये फार रडते आणि तेव्हा तिचं स्वतःचं दूध आपोआप वाहतं, लुगडं भिजतं. मी सांगितलं, घडी घालून फडकं ठेव आणि मन घट्ट कर. रडल्याने फुफ्फुसं मजबूत होतात. तिने मान डोलावली. पोर रडते तेव्हा तू काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कान बंद करून बसतो, बाई."

अशी एक विद्यार्थिनी मिळाली म्हणून मी इथे टिकून आहे.

१५ ऑक्टोबर

उद्या दिवाळीसाठी नागपूरला निघते. विजयाला दोन महिन्यांत पाहिलेलं नाही. कौशल्याला दहादा बजावलं, दहा आणि सहाचे टोल चुकता कामा नये. ती हो बाई, हो बाई म्हणत होती. तिचं हो मला ठाऊक आहे.

हिराला पूर्वीइतकं दूध येत नाही म्हणे, छाती भरल्यासारखी वाटत नाही. आल्यावर बघू. शेपूची भाजी खायला सांगितली.

२९ ऑक्टोबर

दुपारी परत आले. पेटी खाली ठेवायच्या आत देवानंद पोरीला घेऊन दारात. फडकं बाजूला केलं आणि मला ओळखूच येईना. म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा चेहरा, मांड्यांची कातडी लोंबणारी, टाळू आत गेलेली. रडण्याचा आवाज नाही, नुसतं तोंड उघडत होतं. पाच पौंड तेरा औंस. जन्मली तेव्हा याहून जास्त होती.

काय पाजलं, कोणी पाजलं, सासूने काय घातलं, असं मी ओरडतच सुटले. हिरा एकच वाक्य म्हणत होती, मी काहीच नाई चुकवलं. शेवटी कळलं. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कौशल्या सणासाठी गावी निघून गेली आणि काल आली. बारा दिवस टोल वाजलाच नाही. आणि हिराने बारा दिवस फक्त भोंग्यावर पाजलं, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दिवसातून तीन वेळा.

कौशल्याला बोलावून अशी फैलावर घेतली की दवाखान्यापुढे माणसं जमली. तुझ्यामुळे एक जीव जातो आहे, म्हटलं. ती पदर तोंडाला लावून रडत होती. तिची बदली मागणारा अर्ज आत्ताच लिहिला आहे. पोरीला दवाखान्यातच ठेवून घेतलं.

३० ऑक्टोबर

हे जसं घडलं तसंच लिहिणार आहे.

सकाळी मी हिराला समोर बसवलं. म्हटलं, अगं वेडे, टोल नाही वाजला तरी पोर डोळ्यांसमोर सुकत होती ना? छातीत दूध होतं ना? मग पाजलं का नाहीस? ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता. मग हळूच म्हणाली, "टोल वाजला नाई, बाई. तुमीच म्हटलं, आपल्या मनानं केलं का लेकरू जाते. माह्या मनानं एक गेलंच होतं ना?"

मी उठून पोरीचं फडकं बदलायला घेतलं.

दारात ठकूबाई उभी होती. तिला वर्गात यायला मी बंदी केली होती म्हणून ती इथेही उंबऱ्याबाहेर उभी. तिने तिथूनच सांगितलं की हिरा नळावर गेली की ती रोज पोरीला वातीने बकरीचं दूध देत होती, देवानंद आणि हिरा दोघांच्या चोरून. जमलं तेवढंच. "नाई तं तुमाले वजन कराले भेटलीच नसती," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी दुर्गहून डॉक्टरीणबाई आल्या, दर आठवड्याला येतात त्या. त्यांनी पोरीला तपासलं, हिराला तपासलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "इसको टाइम से पिलाना किसने सिखाया?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या की छाती रिकामी होत राहिली तरच दूध येत राहतं, थांबवलं की आटतं. पोर मागेल तेव्हा पाजायचं, दिवसा आणि रात्रीही. आमच्या मेट्रनबाईंनी शिकवलं तेच त्याही कॉलेजात शिकल्या होत्या. पण पुढे स्वतःला तीन मुलं झाली आणि पुस्तक बाजूला ठेवलं, असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. मग हे त्यांनी मला जुलैतच का सांगितलं नाही? महिन्यातून चार वेळा त्या याच घड्याळाच्या तक्त्याखालून जातात.

१ नोव्हेंबर

कौशल्याच्या बदलीचा अर्ज फाडून टाकला. तो फाडताना तिला दिसावं म्हणून तिच्यासमोर फाडला आणि मग त्याचीही लाज वाटली.

आजचा वर्ग घेतला नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

दोन दिवस मी ज्याच्यावर राग काढता येईल असा माणूस शोधते आहे. मेट्रनबाई सापडल्या. तक्ता सापडला. डॉक्टरीणबाई, साहेब, कौशल्या, सगळे सापडले. पण सतरा दिवसांत दोन औंस वाढलेली पोर काट्यावर ठेवून मीच उभी होते. लुगडं भिजतं असं तिने मला सांगितलं होतं. अजून काय सांगायला हवं होतं? आणि तरी मी तिला फडकं ठेवायला सांगितलं. पोरीचं रडणं ऐकून जिचं मन वितळलं त्या म्हातारीला मी अडाणी म्हटलं.

विजयासुद्धा अशीच रडायची. मी घड्याळाकडे बघत बसायचे आणि माझंही पातळ भिजायचं. माझ्या नशिबात दूध नव्हतं असं मी चौदा वर्षं सगळ्यांना सांगत आले. नशिबाला काय झालं होतं? मीच आटवलं. ही ओळ लिहितानाही इतका संताप येतो आहे की पेन कागदात घुसतं आहे.

५ नोव्हेंबर

ठकूबाईला मी स्वतः जाऊन घेऊन आले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, ती काही नीट तोंडातून निघेना. तीच म्हणाली, चाला, पोट्टी एकटी असन. तिने हिराला खाटेवर आडवं केलं, पोरीला उघड्या अंगाने तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दोघींवर लुगडं पांघरलं. दूध असो नसो, तिथंच राहू द्या, म्हणाली. मी वातीने मधून मधून वरचं दूध देते. म्हातारी हिराला हळिवाची खीर भरवते आणि पाठ चोळते. आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतो.

१२ नोव्हेंबर

सहा पौंड सहा औंस. पोरीला आवाज फुटला. तिने आज अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. हिराला दूध येऊ लागलं आहे, वरचं दूध निम्म्यावर आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचली.

मी मागे मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन आले आणि काटा नीट पुसला नाही म्हणून कौशल्यावर ओरडले. सवय इतक्यात कशी जाणार.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

आज वर्ग घेतला. चौदा बायका आल्या. साहेबांनी आधीच बोलावून सांगितलं होतं की चुकीबिकीची भाषा करू नका, बायकांचा दवाखान्यावरचा विश्वास उडेल. सूचना बदलली आहे एवढंच म्हणा. मी म्हटलं, सूचना बदललेली नाही, मी चुकले. ते म्हणाले, विचार करा, नोकरी तुमची आहे. मी विचार केला नाही.

चौदा जणींना उभं राहून सांगितलं. पहिलं पिवळं दूध पाजा, ते मी खरं सांगितलं होतं. वेळांचं जे सांगितलं ते चुकीचं होतं. त्यापायी हिराची मुलगी मरायला टेकली होती, आणि ती वाचली ती माझ्यामुळे नाही, ठकूबाईमुळे. पोर मागेल तेव्हा पाजा, रात्रीही पाजा. भोंगा कारखान्यासाठी आहे.

कोणी हसलं नाही. एक बाई, आठवा महिना असेल, उठून म्हणाली, "म्हंजे पुढच्या मंगळवारी हे बी चुकीचं निघन का, बाई?" तिचं बोलणं रास्त होतं. ती निघून गेली, तिच्यामागे आणखी तिघी गेल्या. रिपोर्टात दहा लिहिणार.

हिरा ठकूबाईशेजारी मागे बसली होती, पोर मांडीवर. माझं बोलणं चालू असतानाच पोर कुरकुरू लागली आणि मग चांगलीच रडू लागली. सगळ्या मान वळवून बघू लागल्या. हिराच्या चोळीवर ओले डाग उमटलेले मला समोरून दिसत होते. तिने पदर हातात धरला आणि तशीच थांबली. ठकूबाई तिला कोपराने ढोसत होती, पाज ना व. ती सासूकडे बघत नव्हती. पोरीकडेही बघत नव्हती.

"पाजू का, बाई?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, मला विचारू नकोस, तुझी पोर आहे. ती घाबरली. तिला वाटलं मी रागावले. पदर खाली ठेवून दिला आणि पोरीला थोपटू लागली. पोर लाल होऊन रडत होती आणि दहा बायका माझ्याकडे बघत होत्या.

शेवटी मलाच म्हणावं लागलं, हो, पाज. तेव्हा तिने पाजलं.